पुरावा पुसू नका

वाचकहो, खंडणी हा शब्द आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात शिकलो. फौजा गावाबाहेर तळ देत, गाव लुटला जाऊ नये म्हणून गावकरी पैका गोळा करून खंडणी भरीत, आणि फौजा पुढच्या गावाला निघून जात. पुढे शहरांतल्या गुंडांनी हाच शब्द उचलला. त्या साऱ्या प्रकारांत निदान एक गोष्ट होती. मागणारा कोण, हे देणाऱ्याला बहुधा ठाऊक असे. आज खंडणी मागणारा मोबाइलमध्ये असतो. नाव दुसऱ्याचे, छायाचित्र तिसऱ्याचे आणि बँकेचे खाते चौथ्याचे! अशा माणसाला कायद्याने धरायचे कसे, धरल्यावर गुन्हा शाबीत करायचा कसा, आणि त्यात तुमचाआमचा वाटा कोणता, एवढेच आज सांगायचे आहे.

मी वकिली करणारा माणूस. कलमे सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. पण आधी एक गोष्ट सांगतो. ती घडलेली नाही, मी रचलेली आहे. परंतु आपल्या अकोले तालुक्यातल्या कोणत्याही गावात उद्या घडू शकेल अशी आहे.

समजा, राजूरच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथला बावीस वर्षांचा मुलगा, त्याला आपण दादू म्हणू. भाताची आवणी उरकून तो संगमनेरला कामाला गेला आहे. एका रात्री फेसबुकवर अनोळखी बाईची मैत्रीची विनंती येते. दोन दिवस गोड बोलणे होते. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे बाई दिसते. पुष्कळदा ती आधीच घेतलेली चित्रफीत असते. दोन मिनिटांत दादूच्या हातून मर्यादा सुटते आणि कॉल तुटतो. पाच मिनिटांनी त्याच कॉलची चित्रफीत त्याच्याच मोबाइलवर येते, आणि खाली मित्रांची, मामाची, बहिणीच्या सासरच्यांची नावे. "पाच हजार टाक, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो."

दादू पैसे टाकतो. अर्ध्या तासाने दहा हजार मागतात. दुसऱ्या दिवशी खाकी गणवेशातला फोटो लावलेला कुणी 'साहेब' फोन करतो. म्हणतो, बाईने तक्रार दिली आहे, प्रकरण मिटवायचे तर पंचवीस हजार. दादू उसनवारी करून तेही भरतो. आणि मग तो एक गोष्ट करतो, जी त्याच्या जागी तुम्हीआम्हीही केली असती. सगळे निरोप पुसून टाकतो, तो नंबर बंद करतो, फेसबुकचे खाते उडवतो. त्याला वाटते, सुटलो बुवा! मला विचाराल तर त्याच क्षणी त्याने आपली फिर्याद अर्धी हरलेली असते. असे का म्हणतो, ते आता क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न असा, की याला कायद्यात गुन्हा म्हणतात का? म्हणतात, आणि आजचे नव्हे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत खंडणीच्या कलमाखाली पहिलेच उदाहरण दिले होते ते असे: अमुक पैसे दे, नाहीतर तुझी बदनामी करणारा मजकूर छापतो, अशी धमकी देऊन पैसे काढणे म्हणजे खंडणी. त्या काळी मजकूर छापखान्यात छापला जाई, आज तो बोटाच्या एका स्पर्शाने चारशे लोकांकडे जातो, एवढाच काय तो फरक. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०८ मध्ये ते जुने उदाहरण कायम ठेवून एक नवे घातले आहे: इलेक्ट्रॉनिक साधनावरून निरोप पाठवून 'तुझे मूल माझ्या ताब्यात आहे' अशी धमकी देणे आणि पैसे उकळणे. शिक्षाही वाढली. पूर्वी साध्या खंडणीला तीन वर्षांपर्यंत कैद होती, आता सात वर्षांपर्यंत आहे. याखेरीज २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा आहेच. दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे, कुणाच्या खासगी अवयवांचे चित्र त्याच्या संमतीवाचून टिपणे वा पसरवणे, अश्लील चित्रफीत पसरवणे, यांना तिथे वेगवेगळी कलमे आहेत. पोलिसाचे सोंग घेणे हाही स्वतंत्र गुन्हा. तेव्हा कलमांचा तोटा नाही. अडते ते पुढेच.

अडचण पहिली. खंडणीचा गुन्हा पुरा केव्हा होतो? भीतीपोटी माणसाने पैसे किंवा वस्तू हाती सोपवली, तर. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. धमकीमुळे काही दिलेच गेले नसेल, तर खंडणीचा गुन्हा पूर्ण होत नाही. आता हे ऐकून कुणी म्हणेल, "मग मी पैसे दिलेच नाहीत, तर माझी तक्रार कोण घेणार?" हा समज चुकीचा आहे बरं का! खंडणीसाठी नुसती भीती घालणे, हादेखील त्याच कलम ३०८ च्या पोटात निराळा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा पैसे देऊन गुन्हा 'पक्का' करण्याच्या भरीस पडू नका, आणि दिले नाहीत म्हणून गप्पही बसू नका.

अडचण दुसरी. आरोपी कोण? कोर्टाला नुसते पटून चालत नाही. वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावे लागते. मोबाइलचे कार्ड निघते कुणा मजुराच्या नावाने. बँकेचे खाते निघते कुणा विद्यार्थ्याचे. त्याने चार पैशांसाठी आपले पासबुक आणि कार्ड दुसऱ्याला वापरायला दिलेले असते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात आणि कुठल्याशा एटीएममधून निघतात. पोलिस खातेदाराला धरतात. तो म्हणतो, "मला काही माहीत नाही." आता धमकी देणारे बोट त्याचेच होते, हे कशावरून? त्यासाठी मोबाइल, कार्ड, खाते, पैसे काढण्याची वेळ आणि जागा, एटीएमचे चित्रण, असे एकेक दुवा जोडीत साखळी करावी लागते. एक दुवा निखळला तरी बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि ते त्याचे कामच आहे. जाता जाता तरुणांना एक सांगतो. आपले खाते किंवा कार्ड कुणाला भाड्याने देऊ नका. पोलिस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील.

हे अशक्य मात्र नाही. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस पुण्यात थोड्या दिवसांच्या अंतराने दोन तरुणांनी अशाच छळापायी आपले जीवन संपवले. त्यांपैकी एका प्रकरणात दत्तवाडी पोलिस ठाण्याचे पथक तपास करीत थेट राजस्थानात अलवर जिल्ह्यात पोहोचले आणि तिथून एका संशयिताला अटक करून घेऊन आले. म्हणजे पुण्यातल्या मोबाइलवर आलेल्या निरोपाचा माग शेकडो कोस दूरच्या खेड्यापर्यंत लागतो. पण तो मुलगा मात्र परत आला नाही. वाचकहो, या विषयात पणाला लागते ते पैसे नव्हेत, माणूस लागतो, हे कलमांच्या गर्दीत विसरू नका.

अडचण तिसरी. निरोप कुणाच्या ताब्यात आहेत? पुष्कळांना वाटते, "मी पुसले तर काय झाले? कंपनीकडे सगळे असतेच की!" इथेच मोठी चूक होते. व्हॉट्सॲपवरचे निरोप पाठवणाराच्या मोबाइलवर कुलूपबंद होतात आणि घेणाराच्या मोबाइलवर उघडतात. कंपनीला मजकूर वाचता येत नाही. तिच्याकडे मिळते ती नोंदणीची वगैरे वरवरची माहिती. ती पोलिसांनी मागितली तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांच्या आत द्यावी लागते, आणि खाते बंद झाले तरी नोंदणीची माहिती १८० दिवस राखावी लागते. पण १८० दिवस म्हणजे सहा महिने. लाजेने माणूस सहा महिने गप्प राहिला, की तेही दार लागू शकते. आणि ज्या कंपन्यांचा मजकुराचा साठा अमेरिकेत आहे, त्यांच्याकडून मजकूर हवा असेल तर दोन देशांमधल्या करारावाटे जावे लागते. आपला अमेरिकेशी असा करार २००५ पासून अंमलात आहे; पण कागद कोर्टातून मंत्रालयात, तिथून परदेशी, आणि तसाच परत, असा प्रवास लांबतो. म्हणजे हिशेब असा झाला, की धमकीचा निरोप जगात नक्की दोनच ठिकाणी असतो. एक खंडणीखोराच्या मोबाइलवर, दुसरा तुमच्या. तो आपला पुसणारच. तुम्हीही पुसलात, तर राहिले काय?

आपल्या नगर जिल्ह्याला, आताच्या अहिल्यानगरला, कागदाच्या भीतीचा जुना अनुभव आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांच्या दारी जमले आणि त्यांनी कर्जरोखे मागून घेऊन जाळले. तो कागद सावकाराच्या हातचे हत्यार होता. तो जळला म्हणजे मान मोकळी, असा त्यांचा हिशेब. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि त्याने खेड्यातले दस्तऐवज निबंधकापुढे नोंदवण्याची सोय केली, म्हणजे कागदात काय आहे ते दोघांनाही कळावे. आजची गोष्ट उलटी आहे. मोबाइलमधला निरोप पुसून आपण वैऱ्याचे हत्यार जाळीत नाही. चित्रफीत त्याच्याकडे शाबूत असते. आपण जाळतो तो आपल्या बाजूचा कागद.

अडचण चौथी. निरोप जपला, तरी तो कोर्टात वाचता आला पाहिजे. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला देशभर दाखला म्हणून सांगतात. तो खंडणीचा नव्हे, निवडणुकीचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी हरकत घेतली, की त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक कचेरीतल्या चित्रणाचा. त्याच्या तबकड्या कोर्टात आल्या. पण कायद्याने लागणारा दाखला अधिकारी देईनात. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणाले, इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर दाखला लागणारच. मात्र मूळ साधनच, म्हणजे मोबाइल किंवा संगणकच, त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून कोर्टापुढे ठेवले, तर दाखल्याची गरज नाही. आणि ज्याने दाखल्यासाठी शक्य ते सारे केले, पण दुसऱ्याने अडवले, त्याला त्या अटीतून मोकळीक आहे.

२०२४ पासून पुराव्याचा कायदाही बदलला आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या दाखल्याचे आता दोन भाग आहेत. एक साधन ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात त्या नोंदीचा एक आकडा लिहावा लागतो. तो म्हणजे त्या फायलीच्या अंगठ्याचा ठसाच समजा; फायलीत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. यातून तुम्ही घ्यायचे ते एवढेच. नुसता पडद्याचा फोटो काढून मित्राला पाठवला आणि मूळ मोबाइल विकून टाकला, तर पुढे पंचाईत होते. फोटो काढा, पण मोबाइल जपा. "पोलिस मोबाइल ठेवून घेतील," ही भीती खोटी नाही. तपासासाठी तो जप्त होऊ शकतो. पण कोर्टात अर्ज देऊन तो सुपूर्दनाम्यावर परत मागता येतो.

अडचण पाचवी, हद्दीची. दादू अकोल्याचा, कामाला संगमनेरला, खाते तिसऱ्या राज्यातले, धमकी देणारा चौथ्या. फिर्याद कुठे द्यायची? कायदा म्हणतो, कृत्य जिथे झाले आणि त्याचा परिणाम जिथे भोगावा लागला, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणचे कोर्ट चौकशी करू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तर सांगूनच टाकले आहे, की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यावी; याला 'झिरो' क्रमांकाचा गुन्हा म्हणतात. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. खबरीची नक्कल फुकट मिळते. ठाण्यात कुणी "हे आमच्या हद्दीत येत नाही" म्हणालेच, तर पोलिस अधीक्षकांना लेखी कळवता येते, आणि त्यानेही भागले नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे जाता येते. आणखी एक मेख अशी, की माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलिस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. जिल्ह्याचे ठिकाण अकोल्यापासून शंभर किलोमीटरहून दूर. डोंगरातल्या माणसाला दोन वेळा तिकडे जायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून पहिली खबर आपल्या जवळच्या ठाण्यातच नीट, तारीख-वेळेसह लिहून द्यावी. ती भक्कम असली की पुढचे हेलपाटे कमी होतात.

आता शेवटची अडचण. ती कोणत्याही कलमात नाही. ती म्हणजे लाज. खंडणीखोराचे भांडवल चित्रफीत नव्हे, लाज हे त्याचे भांडवल आहे. त्याला ठाऊक असते, की हा मुलगा घरी सांगणार नाही. पोरीच्या बाबतीत तर विचारूच नका. तिचा इन्स्टाग्रामवरचा साधा फोटो घेऊन त्यावर दुसरे शरीर चिकटवतात, चूक तिची काडीइतकी नसते, तरी घरात पहिला प्रश्न येतो, "तू फोटो टाकलासच कशाला?" या एका प्रश्नाने जितक्या फिर्यादी मरतात, तितक्या बचावाच्या वकिलांनी मारल्या नसतील. ध्यानात ठेवा, ज्याला धमकावले तो कायद्याच्या लेखी फिर्यादी आहे. मूल अठराच्या आतले असेल आणि प्रकार लैंगिक असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, आणि त्यात मुलाचे नाव, ओळख प्रसिद्ध करायला बंदी आहे.

मग दादूने त्या रात्री काय करायला हवे होते? पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. बोलणे थांबवायचे, पण काही पुसायचे नाही. ज्या नंबरावरून, ज्या खात्यावरून धमकी आली, त्यांचे पडद्यावरचे फोटो काढायचे. त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवायचा. आणि लगेच, सकाळची वाट न पाहता, १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी खबर पोहोचली, तर बँकेला ते अडवता येतात. तिथे मिनिटांना मोल आहे. वाडीत रेंज नसेल तर ज्या टेकाडावर चढून आपण एरवी फोन लावतो, तिथे त्या रात्री घरातले कुणी सोबतीला घेऊन चढायचे. केंद्र सरकारचे सायबर गुन्ह्यांचे संकेतस्थळही आहे. तिथे तक्रार नोंदवता येते. चित्रफीत पसरलीच, तर ज्या कंपनीच्या व्यासपीठावर ती आहे तिच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवायचे. अशी खासगी चित्रे तातडीने हटवण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातले आहे. आणि मनाला फारच घेरून आले, जीव नकोसा झाला, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तिथे माणूस ऐकून घेतो.

एक शब्द वडीलधाऱ्यांसाठी. हे सारे वाचून तुम्ही मुलाला दहा सूचना द्याल. त्याऐवजी एकच वाक्य सांगा: "असे काही झाले तर आधी मला सांग, मी रागावणार नाही." आणि वेळ आली तर खरेच रागावू नका. रागवायचे असेल ते महिन्याने रागवा. त्या रात्री त्याच्याबरोबर ठाण्यात जा, ठाणे अंमलदारापुढे त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसा. मुलाला शब्द सुचेनासा झाला तर पाण्याचा पेला पुढे करा. तो सांगेल.

आमच्या कोर्टात फिर्याद कागदावर येते, पण ती सुरू होते घरात. दादूचा मोबाइल त्याच्या खिशात शाबूत असेल, आत निरोप जसेच्या तसे असतील आणि शेजारी बाप बसलेला असेल, तर कायद्याचे हात लांब आहेत की नाहीत, ते आपण कोर्टात पाहू.